देणारा निघून गेल्यावर

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. नववीपर्यंत शाळा, मग गिरणीत बदली कामगार आणि पुढची सगळी वर्षं त्रासन खात्यात. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, ह्याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून. तेव्हा बोलण्यात व्याकरण चुकलं तर सांभाळून घ्या, पण हिशोब चुकला तर तिथल्या तिथे टोका.

समितीने मला दानावर बोलायला सांगितलं. का सांगितलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणीच्या जागेवर टॉवर बांधणाऱ्या एका कंपनीने आपल्या अभ्यासिकेचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली आहे. मास्तरांचं मानधन, विजेचं बिल, वर्तमानपत्रं, सगळं त्यांचं. बदल्यात दारावर त्यांच्या नावाचा फलक. समितीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, आपली तूट दर महिन्याला वाढतेय, मुलांचं नुकसान करू नका, घ्या. दुसरा म्हणतो, ज्यांच्याशी कामगारांचा घरांवरून वाद चालू आहे त्यांचा पैसा नको. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक आहेत. दोघांनीही विहारासाठी घाम गाळलाय.

म्हणून मी आज कुणाची बाजू न घेता आधी एक लांबची गोष्ट सांगणार आहे. न्यूयॉर्कची. न्यूयॉर्क आपल्याला अगदीच परकं नाही, १९१३ साली बाबासाहेब तिथल्याच कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्याच शहरात एक वादग्रस्त देणगीदार आला, त्याने वर्षानुवर्षं संस्था पोसल्या आणि एक दिवस तो गाव सोडून गेला. मागे काय झालं, ते बघण्यासारखं आहे. माझी पुतणी ग्रंथालयात कामाला आहे. तिने कागद काढून दिले आणि मी शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचले.

त्या कंपनीचं नाव फिलिप मॉरिस. मार्लबोरो सिगारेट करणारी. १९८३ च्या सुमारास तिने न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवर, ग्रँड सेंट्रल ह्या मोठ्या रेल्वे स्टेशनसमोर आपली मुख्य कचेरी थाटली. आपल्याकडे दादर स्टेशनसमोर असावी तशी मोक्याची जागा. त्या इमारतीच्या तळमजल्यावर व्हिटनी ह्या नामांकित कलासंग्रहालयाची शाखा उघडली. आत जायला तिकीट नाही. कामावर जाणारा माणूस जेवणाच्या सुट्टीत चित्रं बघून येऊ शकत होता. ब्रुकलिनच्या अकादमीत दर वर्षी नव्या नाटक-नृत्यांचा महोत्सव होई, त्यालाही हीच कंपनी पैसे देई. आल्विन एली नावाच्या काळ्या कलावंताने १९५८ साली नृत्यसंस्था काढली होती. काळ्या माणसाचं दुःख आणि त्याचा देव ती रंगमंचावर आणत असे. तिलाही ह्या कंपनीची मोठी मदत होती. ज्यांच्याकडे बाकीचे श्रीमंत देणगीदार फिरकत नसत, अशा नव्या आणि धाडसी कामांना ही कंपनी हात देत असे. हे खरं आहे आणि ते कबूल केलं पाहिजे. आपण विरोध करतो म्हणून समोरच्याचं चांगलं झाकून ठेवायचं नाही.

पण बंधू-भगिनींनो, पैसा कुठून येत होता? सिगारेटमुळे फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय अहवालाने १९६४ सालीच जाहीर केलं होतं. तरीही तंबाखू कंपन्या अनेक वर्षं लोकांना उलटंच सांगत राहिल्या. १९९८ साली त्यांना अमेरिकेच्या ४६ राज्यांशी तडजोड करून प्रचंड रक्कम कबूल करावी लागली. २००६ साली तिथल्या न्यायालयाने स्पष्ट निकाल दिला की ह्या कंपन्यांनी जनतेची फसवणूक केली. फिलिप मॉरिस त्यात होती. तंबाखू कंपन्यांनी काळ्या लोकांच्या वस्त्या तर खास हेरून जाहिरातींनी भरून टाकल्या होत्या. म्हणजे बघा, एका हाताने काळ्या माणसाच्या नाचाला पैसा आणि त्याच धंद्याच्या दुसऱ्या हाताने त्याच माणसाच्या छातीत धूर.

तंबाखू काय करते हे परळच्या माणसाला सांगायला नको. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आपल्या शेजारी उभं आहे. त्याच्या बाहेर फुटपाथवर बसलेली माणसं आपण लहानपणापासून बघतो. गिरणीत कापसामुळे बिडी ओढायची सोय नव्हती, म्हणून आम्ही दाढेत तंबाखूचा बार धरून पाळी काढायचो. त्यातले किती जण पुढे त्या हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहिले, ते इथे बसलेल्या आयाबहिणींना ठाऊक आहे.

आता मुख्य गोष्ट. साल १९९४. न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेपुढे कायद्याचा मसुदा आला, हॉटेलं आणि कामाच्या जागा इथे सिगारेट ओढायला बंदी. कंपनीने सांगितलं, असा कायदा केलात तर आम्ही मुख्य कचेरी शहराबाहेर नेऊ. आणि ज्या कलासंस्थांना वर्षानुवर्षं पैसे दिले होते त्यांना निरोप गेले की नगरसेवकांशी बोला, आम्ही गेलो तर तुमचं किती नुकसान होईल ते त्यांना सांगा. ऑक्टोबर १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने हे छापलं आणि गवगवा झाला.

जरा त्या संस्थांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही नाच शिकवता, चित्रं लावता. सिगारेटशी तुमचा काही संबंध नाही. इतकी वर्षं कुणी तुम्हाला एका शब्दाने काही मागितलं नव्हतं. दर वर्षी धनादेश आला, दर वर्षी तुम्ही आभाराचं पत्र लिहिलं. आणि एक दिवस फोन येतो. तेव्हा कळतं की पावती इतकी वर्षं फाडलेलीच होती, वसुली फक्त बाकी होती. हो म्हणावं तर लोकांच्या फुप्फुसांच्या विरोधात उभं राहायचं. नाही म्हणावं तर पुढच्या महिन्याचा पगार कुठून द्यायचा?

कायदा मात्र झाला. १९९५ साली तो लागू झाला आणि ३५ पेक्षा जास्त खुर्च्या असलेल्या हॉटेलांत जेवणाच्या जागी सिगारेट बंद झाली. कंपनी गेली का? नाही गेली. धमकी दिली होती, पण तिला तिथे राहणं सोयीचं होतं, म्हणून राहिली. देणग्याही चालू राहिल्या, कारण त्या देण्यात तिचाही फायदा होता. १९९९ साली ह्या कंपनीने दानधर्मावर साधारण साडेसात कोटी डॉलर खर्च केले आणि आपण दानधर्म करतो हे जाहिरातींतून सांगायला दहा कोटी, असं तेव्हा प्रसिद्ध झालं होतं. दानापेक्षा दानाच्या दवंडीचा खर्च जास्त! आपल्याकडे लग्नात पाचशेचा आहेर देऊन हजाराचा लाऊडस्पीकर लावणारा पाहुणा असतो, तसं.

पुढे २००३ मध्ये कंपनीने आपलं नाव बदलून आल्ट्रिया केलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बारसकट सगळीकडे धूम्रपानबंदी आली. सिगारेटचा देशातला धंदा बघणारी कचेरी व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड गावी हलवायचं ठरलं. तिथे कंपनीचा कारखाना होता आणि खर्चही कमी. २००८ मध्ये परदेशातला धंदा वेगळ्या कंपनीकडे देऊन आल्ट्रियानेही आपली मुख्य कचेरी रिचमंडला नेली. न्यूयॉर्कच्या कलासंस्थांची मदत थांबली. स्टेशनसमोरचं ते फुकटचं संग्रहालय जानेवारी २००८ मध्ये बंद झालं.

ह्यात एक गोष्ट मला फार लागली. १९९४ साली ज्या संस्थांना सांगितलं होतं की आम्हाला वाचवा नाहीतर आम्ही जाऊ, त्याच शहरातून कंपनी पुढे स्वतःच्या हिशोबाने निघून गेली. जाताना कुणाची परवानगी मागितली नाही. ज्यांनी तिच्यासाठी शब्द टाकला असेल त्यांच्यासाठीही ती थांबली नाही आणि जे गप्प बसले असतील त्यांच्यासाठीही नाही. शब्द टाकून काय वाचलं? काहीच नाही. गेलं ते फक्त तोंड.

मागे राहिलेल्यांचं काय झालं? सगळ्यांचं सारखं झालं नाही. ज्या संस्था मोठ्या होत्या, ज्यांना तिकिटाचं उत्पन्न होतं, सभासद होते, दहा ठिकाणचे दाते होते, त्या तगल्या. आल्विन एलीची संस्था आजही नाचते आहे. व्हिटनी संग्रहालयाने एक शाखा गमावली, पण २०१५ मध्ये स्वतःची नवी मोठी इमारत उघडली. हाल होतात ते लहानांचे. चार माणसांची संस्था, त्यातल्या एकाचा पगार एकाच देणगीतून, तिथे देणारा उठला की खुर्चीच रिकामी होते. आणि वेळही वाईट आली. त्याच २००८ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बँका कोसळल्या. एका दात्याची जागा घेणारे दुसरे दातेच अडचणीत आले.

आणि पैसा गेला कुठे? तो आटला नाही, पाट दुसऱ्या शेताकडे वळला. रिचमंडमध्ये एक जुनं मोठं नाट्यगृह होतं. कंपनीने त्याला एक कोटी डॉलर दिले आणि २०१४ पासून त्यावर आल्ट्रियाचं नाव लागलं. रिचमंडच्या लोकांना नाट्यगृह मिळालं, चांगलं झालं. पण तिथल्या लोकांनीही न्यूयॉर्कचा धडा पाठ करून ठेवावा असं मला वाटतं.

आता कुणी म्हणेल, भाऊ, हे सगळं अमेरिकेतलं. मग मी आपल्या चाळीतलं सांगतो. साल १९८२. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. माझे बाबा त्यात होते, मी शाळेत होतो. बाबांच्या गिरणीचं नाव घेत नाही, आता तिथे चिमणीही उरलेली नाही. त्या गिरणीच्या पैशावर आमच्याकडे बालवाडी चालत होती. बाईंचा पगार गिरणी देई, मुलांना दूध देई, मैदानाची निगा राखी. चाळ कमिटीची माणसं त्यासाठी गिरणीला दुवा देत. संपात कामगारांना सभेसाठी ते मैदान हवं होतं. गिरणीचा माणूस कमिटीच्या लोकांना भेटून गेला. काय बोलला कुणास ठाऊक. कमिटीने सांगितलं, मैदानात लहान मुलं खेळतात, तिथे सभा नको. कमिटीतले निम्मे लोक स्वतः संपावर होते! तरी त्यांच्या तोंडून ते निघालं, कारण बाईंचा पगार डोळ्यांपुढे होता.

मग सभा कुठे झाली? जुन्या माणसांना आठवत असेल. ह्याच जागेवर. तेव्हा विहार म्हणजे चार खांब आणि वर पत्रे. पण ते पत्रे घरोघरच्या वर्गणीचे होते. म्हणून विहाराला कुणाला विचारायला जावं लागलं नाही. पुढे ती गिरणी बंद पडली. बालवाडी दोन-तीन महिने रडतखडत चालली आणि कुलूप लागलं. बाई चांगल्या होत्या, त्या गावी निघून गेल्या. पत्र्याचा विहार मात्र राहिला, त्याचा आज स्लॅबचा विहार झाला आणि आपण त्याच्या वर्धापनदिनाला बसलो आहोत.

ह्याचा अर्थ मोठ्यांचं दान घेऊच नये, असा मी काढत नाही. भगवान बुद्धांनी वैशालीला आम्रपालीच्या घरचं भोजन स्वीकारलं. ती गणिका होती. लिच्छवी राजपुत्र तिला म्हणाले, लाख मोहरा घे पण भोजनाचा मान आम्हाला दे. तिने दिला नाही. आणि भगवंतांनीही आधी आम्रपालीला होकार दिला होता, तो राजपुत्रांच्या थाटामाटाकडे बघून बदलला नाही. देणाऱ्याची प्रतिष्ठा त्यांनी मोजली नाही, आणि देणाऱ्याच्या श्रीमंतीने ते वाकलेही नाहीत. घेणारा मोकळा होता. बाबासाहेबही बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. त्यात अट होती, परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी. पण ती अट उघड होती, करारावर लिहिलेली होती, सही करून घेतलेली होती. उघड अटीशी माणूस वाद घालू शकतो, ती नाकारू शकतो. जी अट कुठेच लिहिलेली नसते आणि दहा वर्षांनी फोनवरून येते, तिचं भय मोठं.

त्याच न्यूयॉर्कची आणखी एक हकिगत. तिथलं सगळ्यात मोठं मेट्रोपॉलिटन संग्रहालय. त्याला सॅकलर घराण्याने मोठमोठ्या देणग्या दिल्या होत्या, दालनांवर नावं होती. त्या घराण्यातल्या काहींची औषध कंपनी होती आणि तिच्या वेदनाशामक गोळ्यांनी अमेरिकेत असंख्य लोकांना व्यसन लागलं. कलावंत आणि पीडित लोक २०१८ मध्ये संग्रहालयात जाऊन आंदोलनाला बसले. २०१९ मध्ये संग्रहालयाने जाहीर केलं की त्या कंपनीशी संबंधित सॅकलरांचा पैसा आम्ही घेणार नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये दालनांवरची नावं उतरवली. इथे दाता गाव सोडून गेला नाही, संस्थेनेच त्याला नमस्कार केला. हे तिला जमलं, कारण तिचं रोजचं जेवण त्या एका ताटात नव्हतं.

तेव्हा आपल्यापुढचा प्रश्न पैसा कुणाचा, एवढाच नाही. तो पैसा उद्या थांबला तर अभ्यासिकेचा दिवा चालू राहील का, हा प्रश्न आहे. टॉवरमधली घरं विकून झाली की ती कंपनी इथून जाणार, हे तिची माणसंही नाकारत नाहीत. कधी ना कधी जाणाऱ्या माणसाच्या खांद्यावर रोजचं ओझं ठेवायचं नसतं. आणि जायच्या आधी त्या घरांच्या वादात कामगारांना सभेसाठी हा विहार लागला तर? तेव्हा दारावरच्या फलकाकडे बघून आपल्यापैकी कुणाच्या तोंडून 'इथे मुलं अभ्यास करतात, सभा नको' असं निघणार नाही, ह्याची खात्री कोण देतो? १९८२ ची कमिटीही आपलीच माणसं होती.

माझ्या सूचना अशा. रोजचा खर्च, म्हणजे मानधन, वीज, वर्तमानपत्र, हा आपल्याच वर्गणीतून झाला पाहिजे. बाहेरच्या कुणाला द्यायचंच असेल तर एकदाच लागणारी वस्तू द्यावी. पुस्तकं, कपाट, पंखे. देणारा गेला तरी पंखा फिरतो. त्याची पावती द्यावी, वहीत नोंद करावी, पौर्णिमेच्या सभेत वाचून दाखवावी. दारावर विहाराशिवाय कुणाचं नाव नको. अट असेल ती कागदावर आणि सगळ्यांसमोर. आणि थोडं थोडं करून सहा महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवावा.

तुम्ही म्हणाल, भाऊ, तुटीचं काय? काल खजिनदारांकडून वही मागून घेतली आणि हिशोब केला. मास्तरांचं मानधन पाच हजार, वीज दीड हजार, वर्तमानपत्रं आणि किरकोळ एक हजार. महिन्याचे साडेसात हजार. वहीत घरं दीडशे, घरटी वर्गणी पन्नास रुपये. दीडशे गुणिले पन्नास किती? साडेसात हजार. बरोब्बर! मग तूट आली कुठून? नियमित देणारी घरं आहेत शंभर. म्हणजे ही तूट नाही, ही थकबाकी आहे. पन्नास घरांच्या पन्नास-पन्नास रुपयांसाठी आपण दारावर दुसऱ्याचं नाव लावायला निघालो होतो.

ज्या घरात कमावणारं कुणी नाही त्यांच्याकडे मागू नका, त्यांचा वाटा आपण उचलू. पण त्या पन्नास घरांत आणखी एक घर आहे, ते माझं. गिरणी २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत थांबली, तेव्हापासून हात आखडला, हे खरं. पण पन्नास रुपये देता येत नव्हते, असं नाही. राहून गेलं. चार महिन्यांची बाकी आहे. इथे उभं राहून न्यूयॉर्कच्या संस्थांना शहाणपण शिकवायचं आणि स्वतःची बाकी ठेवायची, हे बरं नाही. खजिनदार साहेब, हे दोनशे रुपये. पावती फाडा आणि नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा.

निर्णय समितीने घ्यावा, सगळ्यांना विचारून घ्यावा. मी एवढंच म्हणेन, ज्या दिवशी देणारा जाईल त्या दिवशीही अभ्यासिकेत मुलं बसलेली दिसली पाहिजेत. आणि ज्या दिवशी फोन येईल त्या दिवशी आपल्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे.

एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!